सावलीची उमेदवारी

गेल्या श्रावणांत माझ्या मावसबहिणीच्या मुलीनें न्यू जर्सीहून मला एक निबंध वाचावयास पाठविला. ही मुलगी तिकडेच जन्मली व वाढली; घरीं बऱ्यापैकीं मराठी बोलते, परंतु लिहावयाची वेळ आली म्हणजे इंग्रजीकडे वळते. तिला 'फिजिशियन असिस्टंट' व्हावयाचें आहे. अमेरिकेंत डॉक्टर नव्हे व परिचारिकाही नव्हे असा हा तिसराच व्यवसाय असून, डॉक्टरांच्या सहकार्यानें रोग्यास तपासणें, निदान करणें, औषध लिहून देणें हीं कामें तो करणारा करतो. त्या शिक्षणासाठीं अर्ज करणाऱ्यास एक निबंध लिहावा लागतो. आणि आपण अशा एखाद्या साहाय्यकाच्या मागें त्याच्या सावलीसारखे किती दिवस उभे राहिलों व तेथें काय पाहिलें, याचा त्यांत उल्लेख यावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. या मागें उभें राहण्यास तिकडे 'शॅडोइंग' असेंच नांव आहे. निबंधाची मर्यादा ५००० अक्षरें. शब्दांमधल्या मोकळ्या जागाही त्यांत धरल्या जातात.

"मामा, तुम्ही इतकीं वर्षें मुलांचे पेपर तपासतां, हाही एक तपासा," असें तिनें सोबत लिहिलें होतें. मीं तो वाचला. इंग्रजी शुद्ध, वाक्यें गुळगुळीत, चूक काढावयास कोठें जागा नाहीं. आरंभीं आजीच्या आजारपणाचा बालमनावर झालेला परिणाम, मध्यें एका दवाखान्यांत १२० तास साहाय्यिकेच्या मागें राहून मिळालेला अमूल्य अनुभव, शेवटीं मानवजातीची सेवा. सहानुभूति, संवाद व सहकार्य हे तीन शब्द मिळून किती वेळां आले तें मीं सवयीनें मोजलें. ते १४ वेळां आले होते. परंतु १२० तास डोळे उघडे ठेवून उभ्या राहिलेल्या मुलीला दिसलें काय, तें मात्र त्यांत कोठेंच नव्हतें. तिला काय कळवावें तें सुचेना. तेव्हां अडचणींत सांपडलेल्या इतिहासाच्या प्राध्यापकाची जी नेहमींची पळवाट तिचाच मीं आश्रय केला, आणि या सावलीच्या रिवाजाचें मूळ कोठें आहे तें शोधूं लागलों.

पाहून शिकणें ही वैद्यकांत नवी गोष्ट नव्हे. चरकानें वैद्याचे जे ४ गुण सांगितले आहेत त्यांत शास्त्राच्या निर्मळ ज्ञानाच्या लगोलग 'दृष्टकर्मता' येते. कर्म पुष्कळ वेळां प्रत्यक्ष पाहिलेलें असणें हा तेथें एक स्वतंत्र गुणच मानला आहे, दक्षता व शुचिता त्याच्या मागून येतात. आमच्याकडे 'उमेदवारी' हा शब्द हल्लीं निवडणुकीपुरता उरला आहे. परंतु आमच्या आजोबांच्या पिढीस उमेदवार म्हटला म्हणजे कचेरींत बिनपगारी बसून, थोरल्या कारकुनाचें काम पाहत पाहत शिकणारा आणि जागा केव्हां रिकामी होते याची वाट पाहणारा तरुण, हाच अर्थ प्रथम सुचे. त्यांतले कित्येक वाट पाहतां पाहतांच म्हातारे झाले, हा भाग वेगळा.

अमेरिकेंतील वसाहतींच्या काळीं बहुतेक डॉक्टर अशाच उमेदवारींतून तयार होत. १७६५ सालीं फिलाडेल्फिया येथें तिकडची पहिली वैद्यकीय शाळा निघाली. तोंपर्यंत, आणि त्यानंतरही कितीएक वर्षें, होतकरू मुलानें एखाद्या डॉक्टराच्या हाताखालीं राहावें, औषधें कुटावींत, घोड्याची व्यवस्था पाहावी आणि डॉक्टर रोग्याकडे निघाला म्हणजे त्याच्या मागोमाग जावें, असा क्रम असे. पुढें एकोणिसाव्या शतकांत खासगी शाळांचें पेव फुटलें व केवळ व्याख्यानें ऐकून पदव्या मिळूं लागल्या. ज्यानें रोगी असा फारसा पाहिलाच नाहीं, तोही डॉक्टर होऊं लागला. १८९३ सालीं जॉन्स हॉप्किन्सची वैद्यकीय शाळा सुरू झाली. तेथें विल्यम ऑस्लर यानें विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहांतून उठवून खाटेपाशीं नेऊन उभें केलें, आणि आपल्या साऱ्या कर्तृत्वांत याच गोष्टीचा त्याला अधिक अभिमान वाटे. नंतर १९१० सालीं एब्राहम फ्लेक्स्नर यानें तिकडच्या वैद्यकीय शाळांची झडती घेणारा आपला प्रसिद्ध अहवाल लिहिला. निकृष्ट शाळा भराभर बंद पडल्या, शिक्षण कडक झालें, डॉक्टर चांगले निघूं लागले. पण ते थोडे निघूं लागले. कृष्णवर्णीयांसाठीं ज्या ७ शाळा तेव्हां चालूं होत्या त्यांपैकीं दोनच तगल्या, ही गोष्ट फ्लेक्स्नरची स्तुति करणारे बहुधा सांगत नाहींत. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉक्टरांची ओढ विशेषज्ञ होण्याकडे वाढली, ते शहरांत एकवटले, आणि खेड्यापाड्यांत साधा ताप पाहणारा डॉक्टर मिळेनासा झाला.

उत्तर कॅरोलायना राज्यांत गारलँड नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें एमॉस जॉन्सन नांवाचे डॉक्टर होते व त्यांच्या दवाखान्यांत हेन्री ट्रेडवेल या नांवाचा, सर्व जण ज्याला बडी म्हणत असा, एक कृष्णवर्णीय साहाय्यक होता. त्याला कोणत्याही शाळेनें कांहीं शिकविलें नव्हतें. डॉक्टरांच्या पाठीशीं उभें राहून, ते काय करतात तें पाहून, मग त्यांच्या देखत स्वतः करून, तो इतका तयार झाला कीं, डॉक्टर सभासंमेलनांसाठीं परगांवीं गेले तरी दवाखाना चालत असे. वाचकांपैकीं ज्यांचें बालपण तालुक्याच्या गांवीं गेलें असेल त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. आमच्या गांवचा कंपाउंडर मुलाच्या डोळ्याची पापणी खालीं ओढून 'डॉक्टरांना थांबूं नका, तालुक्याला न्या' असें सांगे, आणि लोक नेत. मात्र आमच्या कंपाउंडराच्या ज्ञानाला सरकारदरबारीं कधीं नांव मिळालें नाहीं. उलट १९४६ सालच्या भोर समितीनें एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर असावा अशी शिफारस केली व पुढच्या वर्षांत लायसेन्शिएटचा छोटा अभ्यासक्रमही बंद झाला. अमेरिकेंत निराळें घडलें. जॉन्सन यांच्या दवाखान्याची गोष्ट ड्यूक विद्यापीठांतील वैद्यकशास्त्राचे विभागप्रमुख यूजीन स्टेड यांना ठाऊक होती, आणि ती त्यांच्या मनांत घर करून राहिली.

स्टेड हे मोठे विलक्षण शिक्षक. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत डॉक्टरांचें शिक्षण घाईघाईनें कमी काळांत उरकावें लागलें होतें; तेव्हां त्यांनीं पाहिलें कीं, काम अंगावर पडलें म्हणजे माणसें अपेक्षेहून लवकर शिकतात. प्रथम त्यांनीं थेल्मा इंगल्स या परिचारिका-अध्यापिकेच्या साहाय्यानें अनुभवी परिचारिकांना पुढचें शिक्षण देण्याचा उपक्रम काढला. परंतु परिचर्याशिक्षणास मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनें त्यास मान्यता नाकारली. इकडे १९६१ सालीं चार्ल्स हडसन या डॉक्टरांनीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकविलेल्या माणसांकडून वैद्यकीय कामाचा कांहीं भाग करून घ्यावा, अशी सूचना मांडली होती. तेव्हां हीं माणसें आणावयाचीं कोठून? स्टेड यांची दृष्टि सैन्यांतून परतलेल्या लोकांकडे गेली.

अमेरिकन नौदलांत 'हॉस्पिटल कोरमन' नांवाचा एक शिपाईवर्ग असतो. जहाजावर किंवा रणभूमीवर जेथें डॉक्टर नाहीं तेथें रक्त थांबविणें, जखम बांधणें, शीर शोधून सलाईन लावणें हें त्याचें काम. युद्धांत दुसऱ्याचा जीव ज्याच्या हातांवर तोलला गेला, तोच घरीं परतल्यावर इस्पितळांत खाटा ढकलण्यापलीकडे कशालाही पात्र ठरत नसे, कारण त्याच्यापाशीं कागद नसे. १९६५ सालीं स्टेड यांनीं अशा ४ माजी नौसैनिकांना घेऊन ड्यूक येथें २ वर्षांचा वर्ग सुरू केला. ६ ऑक्टोबर १९६७ रोजीं त्यांपैकीं तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले: व्हिक्टर जर्मिनो, केनेथ फेरेल आणि रिचर्ड शील. तो दिवस स्टेड यांच्या वाढदिवसाचाही होता. एक नवा व्यवसाय ३ माणसांनिशीं जगांत आला. त्याला ना कायदा होता ना परीक्षा. परीक्षा १९७३ सालीं सुरू झाली.

या तिघांना आपण सावलीसारखे कोणाच्या मागें उभे राहिलों याचें वर्णन लिहावयास सांगण्याचें कांहीं कारणच नव्हतें. त्यांच्या पुढें ज्याची सावली धरावी असा साहाय्यक अस्तित्वांतच नव्हता! आणि दुखणें म्हणजे काय हें त्यांनीं पाहिलें आहे कीं नाहीं, अशी शंका कोणाला येण्याजोगी नव्हती. १९७० सालीं या वर्गांतून पहिली स्त्री उत्तीर्ण झाली, ती जॉइस निकोल्स. ती सैन्यांतून आलेली नव्हती. कृष्णवर्णीय घरांतली ही बाई ड्यूकच्याच इस्पितळांत आधीं मदतनीस व मग परिचारिका म्हणून राबलेली होती, आणि पुढें तिनें डरहॅमच्या आसपासच्या गरीब वस्तींतल्या लोकांसाठींच काम केलें. तिची रणभूमि म्हणजे तो वॉर्डच. तिकडे पश्चिमेस वॉशिंग्टन विद्यापीठांत रिचर्ड स्मिथ या डॉक्टरांनीं १९६९ सालीं 'मेडेक्स' नांवाची योजना काढली. तींत १५ माजी सैनिकी साहाय्यक घेतले. ३ महिने विद्यापीठांत आणि पुढें १२ महिने खेड्यांतल्या एकेका डॉक्टराच्या हाताखालीं, असा तो क्रम. मला वाटतें, जुन्या उमेदवारीचें इतकें उघड पुनरुज्जीवन त्या शतकांत दुसरें झालें नसेल.

मग चित्र पालटत गेलें. १९६८ सालीं पश्चिम व्हर्जिनियांत फिलिपाय येथील एका महाविद्यालयानें हा विषय ४ वर्षांच्या पदवीचा केला. (तें महाविद्यालय २०२३ सालीं बंद पडलें.) पुढें पदवीची पदव्युत्तर झाली, शाळा आज ३०० च्या वर आहेत, बहुसंख्य विद्यार्थी आतां स्त्रिया आहेत. २०२१ सालीं व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेनें 'असिस्टंट' हा शब्द टाकून 'असोसिएट' हा शब्द घेण्याचें ठरविलें; बहुतेक राज्यांच्या कायद्यांत अजून जुनेंच नांव चालतें. नांवाच्या वादांत मला रस नाहीं. माझें लक्ष वेधलें तें या गोष्टीनें, कीं पहिल्या वर्गाला जें न मागतां आणतां आलें, तें पुढच्या पिढ्यांकडे कमी कमी होत गेलें. रणभूमीवरून आलेल्या माणसाच्या जागीं महाविद्यालयांतून सरळ आलेली २२ वर्षांची हुशार मुलगी आली. तिनें जीवशास्त्र उत्तम केलें आहे, पण माणूस दुखणाईत असतो म्हणजे कसा असतो हें तिला ठाऊक आहे काय? शाळांनीं यावर तोड काढली. रोग्यांच्या प्रत्यक्ष सेवेचे तास मागावयाचे. ज्या व्यवसायांत जावयाचें तो निदान जवळून पाहिलेला असावा म्हणून कित्येक ठिकाणीं सावलीचेही तास मागावयाचे किंवा सुचवावयाचे. आणि या साऱ्याचा तुझ्या मनावर काय संस्कार झाला तो लिहून दे म्हणून निबंध मागावयाचा. २००१ सालापासून हे अर्ज एका सामाईक यंत्रणेमार्फत जाऊं लागले व एकच निबंध अनेक शाळांच्या टेबलांवर पोंचूं लागला. युद्धानें जो भार उचलला होता तो आतां ५००० अक्षरांवर येऊन पडला आहे.

तो भार त्यांना पेलत नाहीं यांत आश्चर्य कसलें? जुना उमेदवार मागें उभा राही, पण त्याच्या हातांत लवकरच कांहींतरी पडे: खल, कात्री, निदान कंदील. आजच्या सावलीला हात लावण्याची मनाई आहे. तिनें कोपऱ्यांत उभें राहावें, रोग्याची परवानगी असेल तरच आंत यावें, बोलूं नये, आणि बाहेर गेल्यावर रोग्याचें नांव तोंडांतून काढूं नये. १९९६ सालच्या तिकडच्या कायद्यानें व त्याखालीं २००३ सालीं अंमलांत आलेल्या नियमांनीं ही गुप्तता फार कडक केली आहे, आणि तें योग्यच आहे. २०२० सालच्या महामारींत तर इस्पितळांनीं सावल्यांना दारांतच थांबविलें, आणि मुलें घरीं बसून पडद्यावर 'सावली' होऊं लागलीं. ज्याला हात लावतां येत नाहीं, ज्याचें नांव घेतां येत नाहीं, त्याच्याविषयीं पांच हजार अक्षरें लिहा असें सांगितलें म्हणजे मुलगी रोग्याकडून आपल्या स्वतःच्या मनाकडे वळते. तेथें मनाई नाहीं. म्हणून सहानुभूति, संवाद, सहकार्य.

हें लिहीत असतां मला एका दुसऱ्या अर्जाची वारंवार आठवण होत होती. तो अर्ज १८८३ सालचा, आणि तोही अमेरिकेंतल्याच एका वैद्यकीय शाळेकडे केलेला. आनंदीबाई जोशी यांचें तेव्हां वय १८. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून त्यांनीं जून महिन्यांत पत्र लिहिलें. या बाईंनीं सावलीचे तास कोठें भरले होते? चवदाव्या वर्षीं मुलगा झाला व तो दहा दिवसांत गेला, एवढीच त्यांची उमेदवारी. परंतु त्या पत्राचा जो भाग पुनःपुन्हा उद्धृत होतो, त्यांत या दुःखाचा मागमूसही नाहीं. त्यांत आहेत त्या इकडच्या स्त्रिया: पुरुष डॉक्टराकडून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या. आप्तांचा व जातीचा विरोध सोसून आपण येथवर आलों, हा निश्चय आपल्या पात्रतेचा पुरावा धरावा, एवढेंच स्वतःविषयीं. मुलाचा उल्लेख केला असता तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलें असतें; पण तें पाणी आनंदीबाईंसाठीं आलें असतें, त्या स्त्रियांसाठीं नव्हे. मार्च १८८६ मध्यें त्या एम्. डी. झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्यें पुण्यास वारल्या. बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. कोल्हापूरच्या इस्पितळांतील नेमणूक तशीच राहिली.

एवढें वाचून झाल्यावर एके रविवारीं सकाळीं मीं भाचीला फोन केला. निबंधाबद्दल बोललोंच नाहीं. म्हटलें, त्या दवाखान्यांतला एक दिवस सांग. काय शिकलीस तें नको, काय झालें तें सांग. प्रथम ती गडबडली. मग म्हणाली कीं, मधुमेहाचे एक म्हातारे गृहस्थ येत. इन्सुलिनची मात्रा दोनदां वाढविली, तरी साखर उतरेना. दोन्ही वेळां त्यांना 'औषध नियमित घेतां ना?' असें विचारलें गेलें आणि दोन्ही वेळां त्यांनीं 'हो' म्हटलें. त्या दिवशीं साहाय्यिकेनें तिसऱ्यांदा तो प्रश्न विचारला नाहीं. ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "घरीं कसें घेतां तें मला करून दाखवा." म्हाताऱ्यांनीं पिशवींतून इन्सुलिनचें पेन काढलें, त्यावर सुई बसविली, वरचें टोपण काढलें आणि पेन पोटाला लावून कळ दाबली. आंत सुईवर आणखी एक लहानसें टोपण असतें, तें त्यांनीं काढलेंच नव्हतें. कित्येक आठवडे त्यांच्या शरीरांत औषधाचा थेंब गेला नव्हता.

"मग ती काय म्हणाली?" मीं विचारलें.

"कांहीं नाहीं. त्यांच्या हातांतून पेन घेतलें, तें दुसरें टोपण काढून त्यांच्या तळहातावर ठेवलें, आणि म्हणाली, हें इतकें बारीक करतात कीं मलाही दिसत नाहीं."

ही गोष्ट निबंधांत कां नाहीं, असें मीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, "त्यांत मीं कांहींच केलें नाहीं, मामा. मी नुसती भिंतीशीं उभी होतें." मीं तिला दृष्टकर्मता हा शब्द सांगितला. तो तिला उच्चारतां येईना. दोन-तीनदां प्रयत्न करून तिनें सोडून दिला. बडी ट्रेडवेलची गोष्ट मात्र तिला ठाऊक नव्हती, ती तिनें सारी ऐकून घेतली.

आठ दिवसांनीं दुसरा निबंध आला. तो आरंभीच्या निबंधाइतका सफाईदार नव्हता. दोन ठिकाणीं वाक्य अडखळत होतें, तें मीं तसेंच राहूं दिलें. आजी गेली होती, मानवजात गेली होती. स्टूल, पेन आणि तें बारीक टोपण आलें होतें. म्हाताऱ्यांचा धंदा, गांव, वय, ओळख पटेल असें कांहीं ठेवूं नकोस म्हणून मीं बजावलें होतें; तिनें तें पाळलें होतें. अक्षरें ४६०० च्या आसपास भरत होतीं. मीं समाधानानें तिला तसें कळविलें.

त्यावर रात्रीं उशिरा तिचा फोन आला. म्हणाली, "मामा, नांव नाहीं, गांव नाहीं, हें ठीक. पण तें टोपण तर त्यांचेंच आहे. उद्यां या निबंधावर मला प्रवेश मिळाला तर तो त्यांच्या फजितीवर मिळणार. त्यांना विचारायला नको होतें का?" मीं तिला कायद्याचें सांगूं लागलों. नांव नसलें म्हणजे कायद्याला हरकत नसावी, वगैरे. तिनें तें ऐकून घेतलें. मग म्हणाली, ते गुरुवारीं दवाखान्यांत येतात. आधीं त्या साहाय्यिकेला विचारीन, तिनें हो म्हटलें तर त्यांना विचारीन, आणि तोंपर्यंत अर्ज पाठविणार नाहीं.